शब्दांची विचारपूस : ‘आभाळ नाही’ म्हणजे काय?

प्रश्न : आम्ही तासगावकडचे द्राक्षबागायतदार. ‘आज आभाळ नाही, फवारणी उद्यावर टाकली तरी चालेल,’ असं आमच्या घरात सगळेच बोलतात. पुण्याहून सुट्टीला आलेल्या भाचीनं विचारलं, ‘आभाळ नाही म्हणजे गेलं कुठं?’ आमचं बोलणं चुकतं का?

उत्तर : अजिबात नाही. उलट या शब्दाचा मूळ अर्थ तुमच्या घरात अजून रोजच्या वापरात आहे. ‘आभाळ’ आला संस्कृत ‘अभ्र’वरून, आणि अभ्र म्हणजे ढग. प्राकृतात अभ्रचं ‘अब्भ’ झालं. पुढे जोडाक्षर सुटलं आणि आधीचा स्वर लांबला, तेव्हा ‘आभ’ उरलं. हस्त–हत्थ–हात, सप्त–सत्त–सात ही वाट हीच. गुजरातीत ‘आभ’ तसाच राहिला, मराठीनं त्याला ‘आळ’ जोडला.

ढगाचं नाव आकाशाला कसं लागलं? ही सरमिसळ फार जुनी आहे. अमरकोशात ‘अभ्र’ दोनदा येतो : व्योमवर्गात आकाशाच्या नावांमध्ये आणि दिग्वर्गात मेघांच्या नावांमध्ये. इंग्रजीतला ‘स्काय’सुद्धा जुन्या नॉर्स भाषेतल्या ढगवाचक शब्दातूनच आलेला आहे. ‘आकाश’चं कूळ मात्र वेगळं. त्यातला ‘काश्’ धातू प्रकाशणे, दिसणे या अर्थाचा, म्हणून त्याला ढगाचा अर्थ कधी चिकटला नाही. ‘आकाश आलंय’ असं कोणी म्हणत नाही.

कुठे कोणता अर्थ, हे शेजारचा शब्द सांगतो. आभाळ आलं, दाटलं, पांगलं, निवळलं असं म्हटलं की ढग समजावेत. निळं, मोकळं, ठेंगणं म्हटलं की आकाश. ‘आभाळ नाही’ पहिल्या गटातलं. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग पोंग्यात (म्हणजे नवी फूट निघताना) किंवा फुलोऱ्यात असताना आभाळ आलं तर पानांवरचं दव उशिरा वाळतं, ओल टिकते आणि डाऊनी हा बुरशीचा रोग पसरतो. त्या दिवसांत पहाटे वर बघून माणूस ढगच शोधत असतो. भाचीला एकदा पानाची खालची बाजू दाखवा. तिथली पांढरी बुरशी बघितली की ‘आभाळ आलं’ या दोन शब्दांतली धास्ती तिला कळेल.

प्रश्न : ‘निरभ्र आभाळ’ लिहिलं तर चूक का? – कराडचे वाचक

उत्तर : व्युत्पत्ती बघितली तर ‘ढगाविना ढग’ होतो. आता आभाळ म्हणजे आकाश हा अर्थ पक्का रुळलेला असल्यामुळे चूक म्हणणार नाही, पण कानाला खटकतं. हवामानशास्त्रात आकाशाचे आठ भाग कल्पून त्यातले किती ढगांनी व्यापलेत ते मोजतात. एकही व्यापलेला नसेल तर आकाश निरभ्र. ‘निरभ्र’शेजारी ‘आकाश’च ठेवा. आभाळच हवं असेल तर ‘मोकळं आभाळ’ लिहा.