न्हाणीघराच्या टाइल्स घरीच कापायच्या आहेत, पाण्याचा टेबल कटर कसा मांडू? (कोल्हापूर)

आधी पातं बघा. व्हिट्रिफाइड टाइलला अखंड कडेचं डायमंड पातं घ्या, उद्यमनगरात हार्डवेअरच्या दुकानांत विचारा. खाचांच्या पात्यानं कडेचे टवके उडतात. प्लग काढूनच पातं बसवा. त्यावरचा बाण मोटर फिरते त्याच दिशेला हवा. ट्रेमध्ये पात्याची खालची कड बुडेल इतकं पाणी ठेवा, आटू देऊ नका. टाइल टेकवायची गाईडची पट्टी गुण्यानं, म्हणजे काटकोन बघायच्या अवजारानं, तपासा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इथं पाणी आणि वीज शेजारी आहेत. अर्थिंग आणि ईएलसीबी (करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच) नसेल तर बटण दाबूच नका, कळकळीनं सांगतोय. वायरला बोर्डाच्या खाली झोळ द्या, म्हणजे ओघळ प्लगमध्ये शिरणार नाही. डोळ्यांना चष्मा हवाच. पहिला काप फुटक्या तुकड्यावर घ्या, टाइल रेटू नका.