पणजोबा सापडेनात!

प्रश्न: कुळाच्या फेसबुक ग्रुपवर तीनदा विचारलं, 'आमच्या घराण्याची माहिती द्या', नुसते हात जोडलेले इमोजी आले. काय चुकतंय? – एक वाचक, ठाणे

उत्तर: अहो, एवढ्या मोघम प्रश्नाला कोण काय सांगणार! आडनाव, मूळ गाव, तालुका, अंदाजे साल आणि आधी काय बघून झालंय ते लिहा, म्हणजे 'गाव नमुना 14, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंची नोंदवही, तेच ते कोतवाल बुक, पाहिलं, 1920च्या आसपास नोंद आहे पण जुन्या मोडी लिपीत, वडिलांचं नाव लागत नाहीये' असं. फोटो अख्ख्या पानाचा टाका, नुसत्या ओळीचा नको, मोडी वाचणारा आजूबाजूची अक्षरं बघूनच लिहिणाऱ्याचं वळण ओळखतो. आजी सांगते ते वेगळं, कागदावरचं वेगळं लिहा हं. आणि त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडची नामावली, म्हणजे घराण्यांच्या पिढ्यांची नावं लिहिलेली वही? तिथेही आधी गाव-आडनावच विचारतात.