नवा फ्लॅश घेतलास? आधी त्याचं तोंड वर कर

फ्लॅश कॅमेऱ्यावर चढवलास की थेट माणसाच्या तोंडावर मारू नकोस, छताकडे वळव. छत पांढरं असेल तर प्रकाश तिथून पसरून खाली येतो. चेहऱ्यावरची तेलकट चकाकी आणि मागच्या भिंतीवरची कडक सावली, दोन्ही जातात. माणूस फार जवळ असेल तर डोळ्यांखाली काळं पडतं, तेव्हा छत सोडून बाजूची भिंत धर. रंगीत भिंत मात्र नको, तिचा रंग त्वचेवर उतरतो.

टीटीएल (फ्लॅशची ताकद कॅमेराच ठरवतो ती पद्धत) सोयीचं आहेच, पण माझं ऐकशील तर मॅन्युअल, म्हणजे सगळं आपल्या हाताने ठरवणं, लवकर शिक. आयएसओ ४००, एफ ५.६, शटर १/१२५, फ्लॅश १/४ पॉवरवर, इथून सुरू कर. मग बाकी काही न हलवता शटर १/३० वर आण. माणूस जवळपास तसाच राहील, मागची खोली उजळेल. हे स्वतःच्या डोळ्यांनी बघच! फ्लॅश क्षणार्धात पेटून विझतो, त्यामुळे शटर कमी-जास्त केल्याने फक्त खोलीचा उजेड बदलतो. अ‍ॅपर्चर (एफचा आकडा) मात्र फ्लॅश आणि खोलीचा उजेड, दोन्हींवर चालतं.

शटर सिंक स्पीडच्या (साध्या फ्लॅशसोबत चालणारं सर्वांत वेगवान शटर, बऱ्याच कॅमेऱ्यांत १/२०० च्या आसपास) पुढे नेलंस, तर हायस्पीड सिंकशिवाय (त्याहून वेगवान शटरसोबत फ्लॅश चालवायची सोय) फोटोत काळा पट्टा येतो.

आणि सेल चांगले रिचार्जेबल घे.