नुसत्या बोलण्याने ड्रग्सचं व्यसन सुटतं का? भावाला सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) सुचवली आहे, दुसरी कुठली थेरपी जास्त चांगली?

'नुसत्या बोलण्याने' हे वाचलं आणि आमचे मामा डोळ्यांसमोर आले. त्यांचंही हेच पालुपद: गप्पांनी काय होतंय, मनाचा निर्धार लागतो.

माझा धाकटा भाऊ सहा वर्षं गर्द, म्हणजे हेरॉइन, ओढायचा. पन्नीवर पावडर, खालून काडी. उपचार सुरू झाले, जिभेखाली ठेवायची गोळी आणि आठवड्यातून दोनदा समुपदेशन. चौथ्या महिन्यात एका रात्री उरलेलं झाकायला मी फॉईलचा रोल काढला आणि टर्रकन तुकडा फाडला. तो समोरच बसला होता. दोन मिनिटांत त्याला जांभयांवर जांभया, नाकाला धार, हातावर काटा. माल मिळाला नाही की त्याचं हेच व्हायचं, मी सहा वर्षं पाहिलेलं. म्हणजे हा परत सुरू झालाय आणि आज मिळालेला नाही, असा हिशोब मी क्षणात केला आणि तोंड सोडलं. मामा नेमके तेव्हा घरी. 'मी म्हटलंच होतं,' एवढंच बोलले.

रात्री अकराला मी त्याच्या हातात लघवी तपासायचा कप दिला. कपाला तापमानाची पट्टी असते, ताजा नमुना साधारण ३२ ते ३८ अंश दाखवतो. तीसुद्धा मी चष्मा लावून बघितली, एवढा माझा विश्वास! या तपासणीत दोन रेघा म्हणजे निगेटिव्ह. दोन आल्या. दुसरी फिकट होती, पण फिकट रेघही रेघच असते. त्याने कप कचऱ्यात टाकला आणि न बोलता झोपायला गेला. मी माफी मागितली ती चार दिवसांनी, समुपदेशकांसमोर, आणि तीही त्यांनी विषय काढला म्हणून.

त्यांनी सांगितलं ते असं. अमेरिकेत लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात अब्राहम विक्लर या डॉक्टरांनी १९४० च्या दशकातच हे टिपलं होतं. महिनोन्‌महिने ड्रग न घेतलेले रुग्ण गटात बसून ड्रगविषयी बोलायला लागले की त्यांना जांभया यायच्या, नाकं गळायची. पावलॉव या शास्त्रज्ञाच्या कुत्र्याला खाण्याआधी वाजणाऱ्या घंटेनेच लाळ सुटायची, माझ्या भावाला पन्नीच्या आवाजाने जांभई आली. आता यात निर्धार कुठे घालायचा ते मामांनी सांगावं.

सीबीटी म्हणजे गप्पा नव्हेतच. भावाला वही दिली होती. तलफ कधी आली, कुठे, जवळ कोण होतं, आधी मनात काय चाललं होतं, सगळं त्यात लिहायचं आणि मग एकेका नोंदीचा बंदोबस्त करायचा. फॉईल घरातून गेली. जुन्या दोस्ताचा फोन आला तर एका वाक्यात नाही म्हणून ठेवायचा, याची तालीम आम्ही वीसेक वेळा केली. दोस्त मी व्हायचे. बरी जमायची मला ती भूमिका. तलफ लाटेसारखी चढते आणि ओसरते, तिच्याशी झुंजायचं नाही, ओसरेपर्यंत बघत बसायचं, हे अ‍ॅलन मार्लॅट या मानसशास्त्रज्ञांचं तंत्र. एकदा पाय घसरला म्हणजे सगळं संपलं असं मानू नका, हेही त्यांचंच. भाऊ नंतर दोनदा घसरला. आता उपचारांचं तिसरं वर्ष चालू आहे.

आणि हो, सगळे नातेवाईक जमवून त्याला मधे बसवायचं, असला दरबार भरवू नका. आमच्याकडे मामांनी भरवला होता. भाऊ त्याच रात्री निघून गेला, १९ दिवस पत्ता नव्हता. १९९९ मध्ये मिलर, मेयर्स आणि टोनिगन या संशोधकांनी दारू पिणाऱ्यांच्या १३० नातलगांवर एक अभ्यास केला. घरच्यांना न भांडता वागायचं शिक्षण दिलं, म्हणजे शुद्धीत असेल तेव्हा जवळ घ्यायचं, नशेत असेल तेव्हा शांतपणे बाजूला व्हायचं, तिथे ६४ टक्के पिणारे उपचाराला आले. दरबारवाल्या गटात ३० टक्के. हे आकडे मी मामांना छापून दिले होते. त्यांनी घडी घालून खिशात ठेवले.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर तुमचा भाऊ काय घेतो यावर आहे, आणि तेच तुम्ही लिहिलेलं नाही. कोकेन किंवा मेथ (मेथॅम्फेटामिन) असेल तर बक्षिसाची पद्धत सगळ्यात जोरकस. स्टीफन हिगिन्स या मानसशास्त्रज्ञांनी ती १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये कोकेनवाल्यांवर वापरली: नमुना स्वच्छ आला की कूपन, सलग स्वच्छ आला की किंमत वाढत जाते, घसरला की पुन्हा पहिल्या पायरीवर. मामा याला लाच म्हणतात. म्हणू देत.

गर्द किंवा त्या जातीचं काही असेल तर मात्र नुसत्या थेरपीवर राहू नका. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन, म्हणजे तलफ आणि अंगाचा त्रास आवरणारं औषध, लागतं, आणि 'एक नशा सोडून दुसरी' असं कुणी म्हटलं म्हणून ते बंद करू नका. दारू किंवा झोपेच्या गोळ्याही सोबत असतील तर घरच्या घरी एकदम तोडू नका, फिट येऊ शकते. आणि हे खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं: काही दिवस बंद राहिल्यावर शरीराची सवय उतरते, मग पूर्वीचाच डोस जीव घेतो. घरात नालोक्सोन, म्हणजे हेरॉइनसारख्या ड्रगचा डोस जास्त झाला तर जीव वाचवणारं औषध, ठेवता येईल का, हे डॉक्टरांना पुढच्या भेटीची वाट न बघता विचारा.