कुत्र्यांची शेड पाडायची नोटीस आलीय, स्टे मिळेल का?

दादा, तुमचं प्रकरण थोडक्यात असं, पुण्यात सोसायटीत तळमजल्याचा फ्लॅट, मागची मोकळी जागा बिल्डरने "गार्डन तुमचंच" म्हणून तोंडी दिलेली, तिथे तुम्ही कोबा करून जीआय पाइप, जाळी आणि वर पत्रे टाकून दोन लॅब्रॅडॉरसाठी शेड केली. आता सेक्रेटरींचं पत्र आलंय की शेड पण काढा आणि कुत्री पण, आणि वर महापालिकेची एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा) कलम ५३ ची, म्हणजे विनापरवाना बांधकाम काढा अशी, नोटीस.

स्पष्टच सांगते, कुत्री राहतील, शेड बहुतेक राहणार नाही. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, ते एकत्र लढलात तर शेडच्या नादात कुत्र्यांची बाजू कमजोर होईल.

शेडचं आधी बघू. ती जागा इमारतीचं मार्जिन आहे, म्हणजे इमारतीभोवती सोडायची जागा, आगीचा बंब फिरावा, ड्रेनेजचं काम करता यावं म्हणून ती मोकळी सोडायची असते, आणि बिल्डरच्या तोंडी शब्दाने ती तुमची होत नाही. २०१० च्या नहालचंद विरुद्ध पांचाली सोसायटी केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्टिल्ट पार्किंगसुद्धा (इमारतीखाली खांबांमधलं पार्किंग) बिल्डरला वेगळं विकता येत नाही असं म्हटलंय, मग मोकळ्या मार्जिनचं काय ते तुम्हीच बघा. कोबा आणि छप्पर असलं की ते परवानगीशिवाय केलेलं बांधकाम धरलं जातं. ते राहू द्या म्हणून त्याच कायद्याच्या कलम ४४ खाली अर्ज करता येतो, पण मार्जिनमधल्या शेडला मंजुरी मिळेल अशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही, आणि या नोटिशीवर दिवाणी कोर्टही सहसा स्टे देत नाही.

म्हणून नोटिशीवरची तारीख आजच बघा आणि मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या, पोच घेऊन. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलंय की पाडण्याआधी किमान १५ दिवसांची कारणे दाखवा नोटीस हवी आणि म्हणणं ऐकून घ्यायला हवं, त्यामुळे अगदीच कमी मुदत दिली असेल तर हा मुद्दा उत्तरात नक्की घाला. पण हा वेळ स्वतःहून पत्रे उतरवायला वापरा असं माझं मत आहे. नाहीतरी एप्रिल-मे मध्ये पत्र्याखाली कुत्रं ठेवणं बरोबर नाही हो, जीव तडफडतो त्यांचा.

आता कुत्री. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या गाइडलाइन्सप्रमाणे सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, जनरल बॉडीने बहुमताने ठराव केला तरी नाही आणि भुंकण्याचं कारण दिलं तरी नाही. तुमचं महापालिकेचं लायसन्स आणि रेबीजच्या लसीचं कार्ड चालू असू द्या, ते नसेल तर या आठवड्यात करून घ्या, आणि त्याच्या कॉपी लावून सेक्रेटरींना सभ्य भाषेत उत्तर पाठवा. वाद वाढलाच तर तो सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१ खाली को-ऑपरेटिव्ह कोर्टात जाईल, सेक्रेटरी स्वतः येऊन जाळी तोडू शकत नाहीत आणि कुत्र्यांना कोणी विष घातलं किंवा जखमी केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

पण रागाच्या भरात कुत्री दिवसभर बाल्कनीत आखूड साखळीला बांधू नका. १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्याच्या कलम ११ मध्ये हालचाल करता येणार नाही असा लहान पिंजरा, आखूड किंवा जड साखळी आणि कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला न फिरवणं, हे तिन्ही गुन्हे आहेत, आणि तिथे तक्रार झाली तर मी तुमची बाजू मांडू शकणार नाही. रात्री भुंकत असतील तर त्यांना आत घ्या, शेजाऱ्यांची झोप हाही त्यांचा हक्कच आहे.

छप्पर आणि कोबा गेल्यावर सोसायटीकडे लेखी अर्ज करा, की दिवसा काही तास उघडझाप करता येणारी, काढता येणारी जाळी लावू द्या, स्वच्छतेची जबाबदारी माझी, आणि कमिटीचा ठराव हातात आल्याशिवाय एक पाइपही रोवू नका. उत्तराचा मसुदा बघायचा असेल तर नोटीस, ॲग्रीमेंट आणि सॅंक्शन प्लॅन (इमारतीचा मंजूर नकाशा) पाठवा.