वाचकांचे प्रश्न : पाण्याकाठच्या ब्रासरीत जेवताना

प्रश्न : आईवडिलांच्या लग्नाला पंचवीस वर्षे पूर्ण होत असल्याने मी त्यांना पाण्याकाठच्या एका मोठ्या हॉटेलातील फ्रेंच ब्रासरीत रात्रीच्या जेवणाला नेणार आहे. वडील सर्व काही खातात. आई मात्र शाकाहारी आहे. मेनूतील नावे आम्हाला कळत नाहीत आणि तिथले रीतिरिवाजही ठाऊक नाहीत. अवघडलेपण वाटू नये म्हणून काय करावे?

उत्तर : सर्वप्रथम मनावरचे दडपण दूर करा. ‘ब्रासरी’ या शब्दाचा मूळ अर्थ बिअर तयार करण्याची जागा असा आहे. १८७०-७१च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर आल्सास प्रांत जर्मनीकडे गेला, तेव्हा तिथून पॅरिसला आलेल्या अनेकांनी बिअर आणि आंबवलेल्या कोबीबरोबर डुकराचे मांस देणारी उपाहारगृहे चालवली. १८८०मध्ये सुरू झालेली ‘ब्रासरी लिप’ आजही प्रसिद्ध आहे. पुढे आरसे, पितळी कठडे आणि पांढरे टेबलक्लॉथ यांमुळे या जागांना डौल आला, तरी दिवसभर केव्हाही यावे आणि हवे तेवढेच खावे ही मोकळीक टिकून राहिली. त्यामुळे नीटनेटका पोशाख पुरेसा असतो, आणि एखादा पदार्थ कशाचा आहे हे वेटरला विचारण्यात काहीही कमीपणा नाही.

खरी काळजी घ्यायची आहे ती आपल्या आईंच्या जेवणाची. फ्रेंच स्वयंपाकात मांस दिसत नाही तिथेही ते असू शकते. कांद्याचे प्रसिद्ध सूप, ज्यावर पाव आणि वितळलेले चीज असते, ते परंपरेने गाईच्या हाडामांसाच्या रश्शात शिजवतात. नीस पद्धतीच्या सॅलडमध्ये अँकोव्ही नावाचे छोटे मासे असतात. बटाट्याच्या तळलेल्या काड्याही काही ठिकाणी जनावराच्या चरबीत तळतात. अनेक पारंपरिक फ्रेंच चीज वासराच्या जठरातील रेनेट वापरून विरजलेली असतात. म्हणून टेबल राखून ठेवतानाच ‘मांस, मासे, त्यांचा रस्सा आणि चरबी यांपैकी काहीही चालणार नाही’ असे स्पष्ट सांगा. नुसता ‘शाकाहारी’ हा शब्द पुरेसा ठरत नाही, असे माझे ठाम मत आहे. पूर्वसूचना मिळाली तर स्वयंपाकघराला वेगळी तयारी करता येते. आई अंडेही खात नसतील तर तेही कळवा, कारण क्रेम ब्रुले या गोड पदार्थामध्ये अंड्याचा पिवळा बलक असतोच.

वडिलांसाठी सोल मनिएर सुचवेन : पिठात घोळवून लोण्यात परतलेला आणि वर लिंबू पिळलेला हा मासा साधा असला तरी फार चवदार लागतो. बर्फावर रचून येणाऱ्या थाळीतील कालवे (शिंपल्यातील ऑयस्टर) बहुधा कच्ची असतात, हे त्यांना आधी सांगून ठेवा. स्टेक, म्हणजे भाजलेला मांसाचा जाड तुकडा, मागवल्यास ‘आ प्वाँ’ म्हणजे मधोमध गुलाबी आणि ‘बियाँ क्वी’ म्हणजे पूर्ण शिजलेला. मेनूतील ‘आँत्रे’ हा फ्रेंच प्रथेनुसार मुख्य पदार्थ नसून त्याआधीचा असतो.

वेळेबाबत एक आग्रहाची सूचना. सूर्यास्ताच्या सुमारे तासभर आधीचे टेबल घ्या आणि ते खिडकीलगतचे मागा. अंधार पडल्यावर आतल्या दिव्यांमुळे काचेत आपलेच प्रतिबिंब दिसू लागते आणि ज्या पाण्यासाठी आपण तिथे गेलो, ते दिसेनासे होते. बाहेरच्या गच्चीवर बसणे मोहक असले तरी पाण्यावरचा वारा गरम पदार्थ लवकर थंड करतो. आईंसाठी एक शाल जवळ असू द्या.

कॉफी गोड पदार्थानंतर येते, त्याच्याबरोबर नाही. बिलही बहुधा मागितल्याशिवाय आणले जात नाही, कारण ते आपणहून पुढे ठेवणे म्हणजे पाहुण्यांना उठायला सांगणे, असे फ्रेंच पद्धतीत मानतात. तेव्हा जेवण झाले तरी तिघांनी हवा तेवढा वेळ निवांत बोलत बसा.