अडीच वर्षांच्या मुलाला घेऊन अंदमान झेपेल का?

तुम्ही विचारलंय की मुलगा अडीच वर्षांचा आहे, एजंटनं पाच रात्रींत पोर्ट ब्लेअर आणि बाराटांग, हॅवलॉक, नील ही बेटं असा प्लॅन दिलाय, आणि घरचे म्हणतात तीन-चार वर्षं थांबा, एवढ्याशा पोराला काय कळणार. तर जावं की थांबावं, आणि हॅवलॉक-नीलपैकी एकच करायचं तर कोणतं.

जा. पण बाराटांग काढून टाका.

"एवढ्याशा पोराला काय कळणार" हे वाक्य मी आमच्या घरात दर गणपतीला आणि दर दिवाळीला ऐकते, म्हणूनच लिहायला बसले.

आम्ही इंदूरचे, रामबागेतलं एकत्र कुटुंब. 2023 च्या जानेवारीत, संक्रांत झाल्या झाल्या, आम्ही सात जण अंदमानला गेलो: मोठे दीर, जाऊबाई, त्यांचे अकरा आणि चौदा वर्षांचे दोन मुलगे, मी, नवरा आणि आमची दोन वर्षं आठ महिन्यांची लेक. सगळा कार्यक्रम भावजींनी ठरवला. भावजी मनानं चांगले आहेत, पैसाही सगळ्यांत जास्त त्यांनीच घातला. पण त्यांच्या लेखी फिरणं म्हणजे पॉइंट करणं. मांडूला गेलो तरी दुपारी दोनपर्यंत बारा पॉइंट झाले पाहिजेत. अंदमानचा त्यांनी तासातासाचा तक्ता केला होता आणि त्यात लेकीच्या झोपेला रकाना नव्हता.

पहिल्या दिवशी कोलकात्याहून उतरलो आणि संध्याकाळी सेल्युलर जेल. ते कराच. तुरुंगाच्या सात विंगांपैकी तीनच उरलेत, जिने उंच आहेत, बाबागाडीचा उपयोग नाही, कडेवर घ्यावं लागतं. सावरकरांच्या कोठडीसमोर आमच्याकडचे सगळे गप्प झाले, आणि लेक माझ्या खांद्यावर झोपून गेली. तिथवर सगळं नीट होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला तिला उठवलं. बाराटांगला जायचं म्हणजे जिरकाटांगच्या चौकीवर अंधारात रांगेत लागायचं, कारण पुढचा रस्ता जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो आणि गाड्या पोलिसांच्या पहाऱ्यात ताफ्यानंच सोडतात. त्या जंगलात गाडी थांबवता येत नाही. हे वाक्य एजंट सांगतो, आपण मान डोलावतो, आणि लहान मूल बरोबर असताना त्याचा अर्थ काय होतो ते कुणी सांगत नाही. मी सांगते. चौकीवर थांबलो असताना मी तिला बाटलीभर दूध दिलं, ती माझी चूक. रस्ता वळणावळणाचा. अर्ध्या तासात तिला माझ्या अंगावर उलटी झाली. मी म्हटलं, भैया, दोन मिनिटं बाजूला घ्या. तो म्हणाला, "मैडम, यहाँ गाड़ी नहीं रोक सकते." त्याची चूक नव्हती, नियमच आहे आणि तो योग्य आहे. मी ओढणीनं तिला पुसत राहिले. खिडकीही पुरती उघडता येईना, पुढच्या गाड्यांचा धूर येत होता. ती आधी रडली, मग रडायची थांबली आणि नुसती बघत राहिली. मला त्याची जास्त भीती वाटली. मागच्या सीटवर मुलगे विचारत होते, "जारवा कब दिखेंगे?" भावजी पुढून म्हणाले, "होतं गं, मुलं ओकतातच."

या जारवांबद्दलही एक बोलून घेते. ती माणसं आहेत, त्यांच्या घरातून आपण जातो. त्यांचे फोटो काढणं, त्यांना खाऊ देणं हा गुन्हा आहे, संरक्षणाचा कायदा 1956 पासून आहे. ते दिसतील म्हणून बाराटांगला जायचं ही कल्पनाच मला पटत नाही, आणि शिकत्या वयाच्या मुलांना त्या आशेनं नेणं तर मुळीच नाही.

पलीकडे पोचल्यावर खारफुटीतून होडीनं जाऊन चुनखडीच्या गुहा बघायच्या होत्या. शेवटी चालत जायचं, उन्हात. मी लेकीला घेऊन जेटीवरच पत्र्याखाली बसले. ती माझ्या मांडीवर झोपली आणि मी तीन तास मांडी हलवली नाही. परत येताना त्याच रस्त्यानं, पुन्हा उलटी. भावजी म्हणाले, तुझ्या आणि तिच्या तिकिटाचे पैसे वाया गेले.

तिसऱ्या दिवशी फेरीनं हॅवलॉक. रात्री तिला एकशे एक ताप. डॉक्टरांनी निघताना लिहून दिलेलं औषध बरोबर होतं, ओआरएस होतं. (ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण घालायची असते. आमच्याकडे सगळे पेल्यात चिमूटभर टाकतात, ते चुकीचं आहे. पुडीवर किती पाणी लिहिलंय ते वाचा.) सकाळी ताप उतरला, पण पोर मलूल पडली होती. आणि तक्त्यात त्या दिवशी आठ वाजता स्पीडबोटनं एलिफंट बीच, चारला राधानगर, दुसऱ्या दिवशी पहाटे कालापत्थरचा सूर्योदय आणि मग लगेच नीलची फेरी.

नाश्त्याला मी सांगितलं, "भावजी, आम्ही येणार नाही. आज नाही आणि उद्या नीललाही नाही."

"अगं, सगळं बुकिंग झालंय."

"तुम्ही जा ना. आम्ही इथेच राहतो."

"म्हणजे एवढ्या लांब येऊन खोलीत बसणार? पोरीला काय कळतंय इथलं? तिला इंदूरला ठेवून आलो असतो तरी चाललं असतं, आई होत्या ना."

जाऊबाई बशीत बघत राहिल्या. मी नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाला सात वर्षं झाली होती, मोठ्या भावासमोर तो तोवर एकदाही बोलला नव्हता. तो म्हणाला, "दादा, मी पण थांबतो." एवढंच बोलला आणि लेकीसाठी केळं सोलायला लागला.

ते गेले. पुढचे तीन दिवस आम्ही एका किनाऱ्यावर काढले.

आमचं हॉटेल हॅवलॉकच्या विजयनगर किनाऱ्यावर होतं, त्यालाच पाच नंबरचा किनारा म्हणतात. तिथे ओहोटीला पाणी लांबवर आत जातं आणि खालचे दगड, पोवळ्याचे तुकडे, डबकी उघडी पडतात. मोठ्यांना ते आवडत नाही, पोहायला मिळत नाही म्हणून कुरकुरतात. अडीच वर्षांच्या मुलासाठी यापेक्षा चांगली जागा मी पाहिलेली नाही. घोट्याएवढं कोमट पाणी, त्यात बोटभर मासे, आणि दुसऱ्याच्या शंखात घर करून राहणारे चिमुकले खेकडे. पहिल्या दुपारी पाणी मागे सरकताना बघून लेक ओरडली, "आई, नळ गेला!" इंदूरला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे नळ येणं-जाणं तिला बोलायला लागल्यापासून ठाऊक. मग तीन दिवस तेच. सकाळी उठल्या उठल्या पडदा सरकवून बघायचं, नळ आला की गेला. तिच्या बाबानं हॉटेलच्या मुलाकडून भरती-ओहोटीच्या वेळा लिहून घेतल्या आणि तिला सांगायला लागला, उद्या नळ थोडा उशिरा येणार. आणि तसंच व्हायचं. रोज साधारण पाऊण तास उशिरा. ते तिनं दोनदा पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, "आज अजून उशिरा." हे "काय कळतंय" म्हणणाऱ्यांसाठी लिहिलंय.

आणखी एक. तिनं याआधी मोठं पाणी पाहिलं होतं ते महेश्वरच्या घाटावर, आजीबरोबर. तर समुद्रासमोर पहिल्यांदा उभी राहिल्यावर तिनं हात जोडले, "नर्मदे हर" म्हणाली आणि माझ्याकडे पाण्यात टाकायला रुपया मागितला. मी दिला.

एक शंख तिनं मुठीत धरून आणला होता, तो परत ठेवायला लावला. शिंपले आणि पोवळी उचलून आणायला बंदी आहे, विमानतळावर सामान तपासतात. पण तिला कारण दुसरं सांगितलं आणि तेही खरंच आहे: खेकड्याला वाढल्यावर मोठं घर लागतं, आपण नेलं तर त्याला मिळणार नाही. ती जाऊन ठेवून आली.

भावजी मंडळींनी नील एका दिवसात केलं आणि पोर्ट ब्लेअरला आम्ही भेटलो. तेव्हापासून घरात चालू आहे की धाकटीनं ट्रिप फोडली, पोरीला नेऊन आजारी पाडलं, आणि तिला तर आता काही आठवतही नाही. खरंय, तिला आठवत नाही, अडीच वर्षांचं फारसं कुणालाच आठवत नाही. मग बोरन्हाण कुणाला आठवतं? त्याच संक्रांतीला, निघायच्या चार दिवस आधी, भावजींनी स्वतः सियागंजातून बोरं, हलवा, चुरमुरे आणून तिचं बोरन्हाण केलं होतं, हलव्याचे दागिने जाऊबाईंनी हातानं केले होते. तेव्हा कुणी म्हणालं नाही की चार वर्षं थांबू, तिला आठवलं पाहिजे. लेकराला त्या दिवशी आनंद व्हावा म्हणून करतो ना? मग समुद्रालाही तोच न्याय लावा. आणि आजारी ती समुद्रानं पडली नाही, पहाटे तीनच्या उठण्यानं आणि त्या रस्त्यानं पडली. हे मी भावजींना समोर नीट सांगू शकले नाही, इथे लिहितेय.

आता तुमचं. नावांचा गोंधळ करून घेऊ नका: 2018 पासून हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप, आणि 2024 पासून पोर्ट ब्लेअर म्हणजे श्री विजयपुरम. बोलताना सगळे जुनीच नावं घेतात.

एकच बेट करायचं तर मी हॅवलॉक म्हणेन, कारण तिथे दोन्ही मिळतं: पाच नंबरला डबकी आणि राधानगरला सलग मऊ वाळू. जाऊबाईंचं मत नीलच्या बाजूचं आहे आणि त्या सहसा उगाच बोलत नाहीत. बेट लहान, भरतपूरचा किनारा जेटीला लागून, पाणी उथळ, काचेच्या तळाच्या होडीतून पोवळी बघता येतात. मात्र नीलचा तो निसर्गानंच घडवलेला दगडी पूल ओहोटीतच गाठता येतो आणि वाट निसरड्या दगडांवरून आहे, मूल कडेवर घेऊन जाऊ नका. दोन्ही बेटं पाच रात्रींत करू नका.

वेळेचं लक्षात ठेवा. घड्याळ आपलंच, पण तिथे सूर्य फार लवकर बुडतो. जानेवारीत इंदूरला सहापर्यंत ऊन असतं, तिथे साडेपाचच्या आत मावळतं आणि सकाळी सहाला उजाडतं. मुलाला सूर्याच्या वेळेनं झोपू-उठू द्या, दुपारी अकरा ते तीन सावलीत ठेवा. विमानात त्याला दोन वर्षं पूर्ण असल्यामुळे स्वतंत्र तिकीट लागेल, एजंटनं धरलंय का बघा. उतरताना कान दुखतात, तेव्हा काहीतरी चोखायला किंवा प्यायला द्या. बरोबर दशम्या, गूळपापडी न्या. वरण-भात, केळी, शहाळी तिथे सगळीकडे मिळतात.

थोडं उलटंही सांगायला हवं. वाळूत बारीक माश्या असतात, चावल्या की आठवडाभर खाज सुटते. आम्ही नारळाचं तेल चोपडून पूर्ण पायजमा घालायचो. खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानात आहेत, 2010 साली राधानगरजवळ एका पर्यटक बाईचा जीव गेला होता, तेव्हा पाटी आणि जीवरक्षक जे सांगतील ते ऐकायचं आणि खाडीच्या तोंडाशी जायचं नाही. बेटावर आरोग्य केंद्र आहे, पण मोठा दवाखाना पोर्ट ब्लेअरलाच. मुलाला दमा किंवा तापात झटके येण्याचा त्रास असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला, आणि ते नको म्हणाले तर माझं ऐकू नका. मे ते सप्टेंबर जाऊ नका. हवा बिघडली की फेऱ्या रद्द होतात, म्हणून परतीच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. त्या सकाळी रॉस बेटावर जाता येईल, हरणं जवळ येतात, आमची लेक तिथे खूष होती.

आणि एजंटला उद्याच फोन करा. फेरीची तिकिटं एकदा नावावर निघाली की बदलायला पैसे कापतात.